कळसाच्या डावीकडे

कौतिकाबाईंचं पत्र आलं त्या दिवशी आम्ही ऑफिसातली रजिस्टरं अंगणात उन्हाला घातली होती. पावसाळ्यात त्यांना बुरशी चढायची, म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधी दरवर्षी हा कार्यक्रम असे. मी एकेक रजिस्टर उघडून पालथं घालत होतो. पोस्टमननं पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "डबीरबाबू, तुमाले तं कोणी पत्र लिहीत नाई. आज कसं काय?"

खरं होतं. मला पुस्तकांची पार्सलं येत, पत्रं येत नसत.

आत शाळेच्या वहीचं पान होतं, पेन्सिलीनं लिहिलेलं. अक्षर मोठं आणि दाबून काढलेलं. "बाबूजीस कौतिकाचा नमस्कार. दादाचं नाव सोसायटीतून काढनार हाय. पाच डिसेंबरले सभा हाय. तुमी बोटीत होते. जाळं कुठं होतं ते तुमाले माहीत हाय. दोन ओळी लिहून द्या. तेवढं पुरे."

पाकिटात आणखी एक कागद होता, चार घड्या घातलेला, तंबाखूचा वास येणारा. तो मी उघडला नाही. घडीवरूनच ओळखला. पाकीट खिशात घातलं आणि उरलेली रजिस्टरं पालथी केली.

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची.

मी तेव्हा मासळी खात्याच्या तालुक्याच्या ऑफिसात लिपिक होतो. मासे न खाणारा मासळीबाबू म्हणून लोक हसत, मीही हसत असे. आमच्या तालुक्याच्या टोकाला सोनझरीचं धरण आहे. धरण बांधलं तेव्हा पाणी दोन राज्यांत पसरलं. अलीकडच्या काठावर आमचं सावरटोला, पलीकडच्या काठावर दुसऱ्या राज्यातलं बेलपार. दोन्हीकडे मासेमारी करणाऱ्या ढिवरांचीच वस्ती, दोन्हीकडे तीच बोली, एकमेकांत लेकी दिलेल्या. पाणी एक, मासोळी एक. कायदे मात्र दोन.

मासोळी अंडी टाकते त्या दिवसांत जाळं टाकायला बंदी असते. ती असावीच, याबद्दल कुठल्याही ढिवराचं दुमत नव्हतं. पण तिकडची बंदी सोळा जूनला लागून पंधरा ऑगस्टला उठे आणि आमची एक जुलैला लागून एकतीस ऑगस्टपर्यंत चाले. म्हणजे जूनच्या शेवटच्या पंधरवड्यात तिकडचे लोक काठावर बसून इकडच्यांची जाळी बघत, आणि ऑगस्टच्या शेवटच्या पंधरवड्यात इकडचे लोक काठावर बसून तिकडच्यांची. शिवाय आमच्या बाजूला दर ऑगस्टमध्ये मत्स्यबीज सोडत, बोटाएवढी पिल्लं, त्यांना बोटुकली म्हणतात. तिकडे बीज सोडत नसत. आम्ही सोडलेली बोटुकली मोठी होऊन कुठल्या काठाला जायची हे तिचं तिनं ठरवायचं.

या दोन नियमांचं कारण मी खूप शोधलं. मला असल्या गोष्टींचा नाद होता. दोन्ही राज्यांची राजपत्रं मी मागवून वाचली, हद्दीचा नकाशा जिल्ह्याहून उतरवून आणला. कारण सापडलं नाही. दोन वेगळ्या शहरांत दोन वेगळ्या टेबलांवर दोन वेगळ्या माणसांनी तारखा घातल्या, एवढंच.

दुर्योधन मांढरे हा सावरटोल्याचा. मच्छीमारांच्या सोसायटीचा सभासद, चाळिशीचा, उंच, सावकाश बोलणारा. त्याची धाकटी बहीण कौतिका बेलपारला दिलेली. त्यांच्यात एक रीत होती. बंदी उठल्यावर बहिणीच्या घरचं पहिलं जाळं भावानं टाकायचं. त्या जाळ्यातली पहिली मासोळी बहिणीच्या ओटीत घालायची आणि मग त्या घराची मासेमारी सुरू. भाऊ आला नाही तर घर थांबून राहतं. भाऊ मेला असेल तर त्याचं जुनं जाळं नुसतं पाण्याला लावून काढतात.

जुलैअखेरीस दुर्योधन ऑफिसात आला होता. दारात चपला काढून माझ्या टेबलाशी उकिडवा बसला. खुर्चीवर बस म्हटलं तरी बसला नाही. म्हणाला, सोळा तारखेनंतर बहिणीकडे जाळं टाकायला जातो, दरवर्षी जातो, पण यंदा नवे साहेब आहेत, कायद्यात बसतं का ते तेवढं पाहून सांगा.

मला फार आनंद झाला. माझ्या वाचनाचा कुणाला उपयोग होतो असं क्वचित घडे. मी दोन्ही राजपत्रं काढली आणि त्याला वाचून दाखवली. सांगितलं की बंदी पाण्याला असते, माणसाला नसते. तिकडच्या पाण्यात, तिकडच्या परवान्यावर, तिकडचा मोसम खुला असताना तू जाळं टाकलंस तर कुणी काही करू शकत नाही. फक्त हद्दीच्या पलीकडे राहा.

"हद्द पान्यात दिसते कुठं, बाबूजी?" तो म्हणाला. "जुन्या पुलाचा खांब होता, तो तं आता बुडला."

मग त्याला काय सांगितलं, ते पुढे येईलच.

नवे साहेब म्हणजे घरोटे. अंगानं भरलेले, आवाज मोठा. आल्याआल्या त्यांनी ऑफिसाला रंग दिला आणि माझं पुस्तकांचं कपाट व्हरांड्यात काढलं. बारा ऑगस्टला बीज सोडण्याचा कार्यक्रम त्यांनी मंडप घालून केला. पाहुणे आले, फोटोवाला आला. प्लॅस्टिकच्या फुगीर पिशव्यांमधून बोटुकली आली होती, चाळीस हजार. पहाटे निघालेली गाडी भर दुपारी पोचली. पाहुण्यांना घाई होती.

आता हे काम असं असतं. पिशवी बांधलेलीच पाण्यात ठेवायची. अर्धा तास तरी तरंगू द्यायची, म्हणजे आतलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकं थंड होतं. मग तोंड सोडून थोडं थोडं धरणाचं पाणी आत घ्यायचं. मग पिशवी आडवी करायची, की पिल्लं आपली आपण बाहेर जातात. ती ओतायची नसतात. सावरटोल्यातल्या कुठल्याही बाईला हे माहीत होतं.

साहेबांनी पिशव्यांची तोंडं कापायला सांगितली.

दुर्योधन गुडघाभर पाण्यात उभा होता. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, जराशी पानी पिऊ द्या त्याईले. एकदम टाकले तं मरतीन."

लोक हसले. पाहुणेही हसले. पाण्यातल्या जिवाला पाणी पाजतोय म्हणून. साहेबांना वाटलं, लोक आपल्याला हसले. ते म्हणाले, "तू शिकव मला. तूच हो साहेब." आणि पाहुण्यांच्या हाताला हात लावून पिशवी उलटी केली. फोटो चांगला आला असणार. मी काठावर वही घेऊन उभा होतो. दुर्योधननं एकदा माझ्याकडे पाहिलं. साहेबांना सांगायचं तर बाबूनं सांगावं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. मी वहीत पिशव्यांचा आकडा लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठाला पांढरी पट्टी दिसत होती. लांबून फेस वाटला. जवळ गेलो तेव्हा एकेक दिसू लागली, पोटं वर केलेली. दोनतीन दिवसांत वास सुटला.

जिल्ह्याहून विचारणा आली. मेलेल्या बोटुकलीचं कारण कळवा. साहेबांनी तो कागद काचेखाली ठेवला. सतरा तारखेला सकाळी म्हणाले, "डबीर, वही घ्या. फेरी मारू. कुणीतरी बंदीत बारीक जाळी टाकतंय, त्याशिवाय एवढं बीज मरत नाही."

मी वही घेतली.

मोटारबोट कोठीराम चालवत होता. तो खात्याचा माणूस, पण मूळचा सावरटोल्याचा. त्याला साहेबांनी दिशा सांगितली नव्हती, तरी तो सरळ धरणाच्या मधोमध निघाला, कारण त्या दिवशी पाण्यावर दोनच डोंगे दिसत होते. एकात दुर्योधन, एकात कौतिका आणि तिचा नवरा. जाळं दोन डोंग्यांच्या मधे लावलेलं. ओढायला नुकतीच सुरुवात केली होती. आभाळ स्वच्छ होतं, ऊन होतं. इतकं सगळं स्पष्ट दिसत होतं की आजही डोळे मिटले तर मी डोंग्यावरचं डांबर सांगू शकतो.

कौतिका तेव्हा पंचविशीची असेल. तिनं ओटी खोचली होती, मासोळी घ्यायला. आम्हाला पाहून ती हसली, पाहुणे आल्यासारखी. म्हणाली, "या ना जी. भावाचं जाळं हाय. पहिली माही, दुसरी तुमची."

साहेबांनी विचारलं, बंदीत जाळं टाकायची परवानगी कुणी दिली.

"बंदी तुमच्याकडं," ती म्हणाली. "आमची परवाच उठली."

"मासा एकच आहे ना?"

"तेच तं आमी म्हनतो," ती म्हणाली. "मासोळी अंडे टाकाले येते तं तुमच्या सायबाले इचारून येते का? दोघंही मिळून एक तारीख पाडा, आमी घरी बसू."

कोठीरामनं तोंड वळवलं, हसू दिसू नये म्हणून. साहेबांनी ते पाहिलं. ते लाल झाले. त्यांनी जाळं वर ओढायला लावलं. चार बोटं आरपार जातील एवढ्या मोठ्या आसाचं जाळं होतं. त्यात तीन रोहू आणि एक मोठी कटला. बोटुकली एकही नव्हती. असणार कशी, त्या आसातून बोटुकल्यांची वरात गेली असती.

"ही जागा आपल्या हद्दीत आहे," साहेब म्हणाले.

दुर्योधन डोंग्यात उभा राहिला. शांतपणे म्हणाला, "नाई साहेब. पलीकडं हाये आमी."

"कशावरून? पाण्यावर रेघ मारलीय?"

"बाबूजीले इचारा," दुर्योधन म्हणाला. "बाबूजी नकाशा वाचतेत."

साहेब माझ्याकडे वळले. "काय डबीर? कुठं आहोत आपण?"

आता सांगतो. जुलैत त्यानं विचारलं होतं, हद्द पाण्यात दिसते कुठं, तेव्हा मी एक कोरा कागद घेतला होता. नकाशावर हद्दीची रेघ सरळ आहे. ती रेघ पूर्वेला वाढवली तर काठावरच्या महादेवाच्या देवळाच्या कळसावरून जाते आणि तशीच मागे टेकडीवरच्या एकट्या बेहड्याच्या झाडावरून. हे मी तीन रविवार काठाकाठानं हिंडून ताडून पाहिलं होतं, कुणी सांगितलं नसताना, स्वतःच्या हौसेखातर. कागदावर मी कळस काढला, मागे झाड काढलं. लिहिलं, 'बेहडा बरोबर कळसाच्या मागे दिसला, तर आपण हद्दीवर. बेहडा कळसाच्या डावीकडे दिसला, तर आपण पलीकडच्या राज्यात. चांगला हातभर डावीकडे दिसेपर्यंत जाळं टाकू नये.' दुर्योधनला वाचता येई. त्यानं कागद दोनदा वाचला, चार घड्या घातल्या आणि तंबाखूच्या चंचीत ठेवला. म्हणाला, "हे बेस केलं बाबूजी. आता कोनी काई म्हनू शकत नाई."

बोटीत मी मान वळवून पूर्वेकडे पाहिलं. कळस उन्हात चमकत होता. बेहडा त्याच्या डावीकडे होता. हातभर नाही, दोन हात. दुर्योधननं माझ्या सांगण्याच्या दुप्पट अंतर ठेवलं होतं.

मी म्हणालो, "नक्की सांगता येणार नाही, साहेब. पाणी वाढलंय."

साहेब म्हणाले, "म्हणजे आपल्याच हद्दीत. लिहा."

मी दुर्योधनकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. त्याचा हात कमरेच्या चंचीवर गेला होता. कागद तिथेच होता. माझं अक्षर सगळं ऑफिस ओळखे, साहेबही ओळखत. त्यानं चंची उघडली, आत बोटं घातली. मग चिमूटभर तंबाखू काढला, तळहातावर घेतला आणि अंगठ्यानं मळायला लागला. बराच वेळ मळला.

"बाबूजी म्हनतेत तं तसंच असन," तो म्हणाला.

कौतिका ओरडली. बाबू खोटं बोलतो म्हणाली. दादा, कागद काढ म्हणाली. साहेबांनी विचारलं, कसला कागद. दुर्योधन म्हणाला, "काई नाई साहेब. बिडीचा कागद मांगते ते."

साहेबांनी सांगितलं तसा पंचनामा मी लिहिला. 'बारीक आसाच्या जाळ्यात मोठ्या प्रमाणावर बोटुकली आढळून आली.' हे वाक्य माझ्या हातचं आहे. अक्षर चांगलं आहे. बोट हलत होती तरी एकही काना वाकडा नाही. कोठीरामनं पंच म्हणून अंगठा उठवला आणि आपला अंगठा पाण्यात धुतला, मग पुन्हा धुतला. जाळं आणि डोंगा जप्त झाला. कौतिकाची ओटी रिकामी राहिली. ती आपल्या डोंग्यात बसून काठाकडे जाताना दिसली, पाठ आमच्याकडे करून. त्या वर्षी त्या घरानं मासेमारी सुरू केली की नाही ते मला कळलं नाही. मी विचारलंच नाही.

ही गोष्ट सांगताना एखादं कारण जोडून द्यावं असं फार वाटतं. आई आजारी होती, बदलीची भीती होती, लेकरं लहान होती. यातलं काही नव्हतं. आई धडधाकट होती, मी एकटा होतो, आणि घरोटे साहेब माझी बदली करू शकतील एवढे मोठे नव्हते. त्यांनी माझ्यावर आवाज चढवला असता. बोटीत दहापंधरा मिनिटं वाईट गेली असती. तेवढ्यासाठी.

पुढची वर्षं मी स्वतःला एक वेगळीच गोष्ट सांगत राहिलो. की मला खरंच खात्री नव्हती. की माझं वाचन म्हणजे हौशी माणसाचं वाचन, मी काही मोजणी खात्यातला नव्हे. झाडाचा अंदाज चुकू शकतो. माझा स्वभावच असा, मी कशाबद्दलच ठामपणे बोलत नाही. लोक याला नम्रपणा म्हणत आणि मीही म्हणू दिलं. निवृत्तीच्या समारंभात तर एकानं भाषणात सांगितलं, इतकं वाचूनही डबीरांच्या तोंडी 'मला नक्की माहीत नाही' हे वाक्य असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नमस्कार केला.

पाच डिसेंबरच्या सभेत दुर्योधनचं नाव सोसायटीतून काढलं. सभासद नाही म्हणजे धरणात जाळं नाही. पुढे तो इतरांनी पकडलेली मासोळी सायकलवर टोपली बांधून तालुक्याच्या बाजाराला आणायचा. मी त्या गल्लीनं जाणं सोडलं. एकदा चुकून गेलो. तो उभा राहिला, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "बाबूजी, तुमी कुठं मासोळी खाता. भाजीबाजार तिकडं हाय." त्यात राग नव्हता. मला रस्ता दाखवला त्यानं. मी भाजीबाजारात गेलो.

तो वारल्याचं मला कोठीरामकडून कळलं. किती वर्षांपूर्वी, तेही आता आठवत नाही.

परवा सोसायटीचा सचिव घरी आला. शिकलेला, नीटनेटका, अमोल शिवरकर नावाचा. सोसायटीला पन्नास वर्षं होतात म्हणून ते पुस्तिका छापतायत. म्हणाला, "काका, तुमच्याइतकं शुद्ध कोणी तपासत नाही. आठ पानं आहेत." मी चष्मा लावला, लाल पेन घेतलं. पहिल्या पानावर तीन चुका निघाल्या. तिसऱ्या पानावर 'प्रगतीची वाटचाल' या मथळ्याखाली एक परिच्छेद होता:

'सन १९८७ मध्ये सभासद दुर्योधन मांढरे याने बंदीच्या काळात चोरून बारीक जाळे टाकल्याने संस्थेचे चाळीस हजार मत्स्यबीज नष्ट झाले. तत्कालीन अधिकारी श्री. घरोटे यांनी तत्परतेने कारवाई करून संस्थेचे पुढील नुकसान टाळले.'

अमोलला विचारलं, हे कुठून आणलं. तो म्हणाला, जुन्या पंचनाम्यावरून. फार सुंदर अक्षरातला आहे, काका, म्हणून पुस्तिकेत त्याचा फोटोही टाकतोय.

मला आयुष्यात राग फार कमी वेळा आला असेल, आला तेव्हा मी त्याला पुस्तकात डोकं घालून जिरवला असेल. या वेळी तो जिरेना. घरोटेंचा राग आला. त्या दोन शहरांतल्या दोन टेबलांचा आला. दुर्योधनचाही आला, हे कबूल करतो. चंचीतला कागद त्यानं का काढला नाही? काढला असता तर माझी नोकरी गेली नसती. दोन शिव्या बसल्या असत्या. तो मला वाचवायला गेला, आणि मी वाचवण्याच्या लायकीचा आहे की नाही हे त्यानं एकदाही तपासलं नाही. त्यानं माझं नाव लपवलं आणि आता त्याचं नाव चोर म्हणून पाचशे प्रतींत छापलं जाणार होतं, माझ्या हातच्या अक्षराच्या फोटोसकट, आणि त्यातली शुद्धलेखनाची चूक काढायला मीच बसलो होतो. 'तत्परतेने' बरोबर लिहिलं होतं. मी पाहिलं.

मी लाल पेनानं तो परिच्छेद खोडला. उभ्या, आडव्या, तिरक्या रेघा मारल्या. पेन कागदातून आरपार गेलं.

अमोल घाबरला. "काका, काय झालं? चूक आहे का?"

"खोटं आहे."

"पण पंचनामा..."

"पंचनामा मी लिहिलाय."

त्याला मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि मधून मधून फोनकडे पाहत होता, माझ्या अंगात ताप भरला असावा आणि कुणाला तरी बोलवावं, अशा चेहऱ्यानं. शेवटी म्हणाला, "काका, पस्तीस वर्षं झाली. पाणी किती, झाड कुठं... तुम्हाला आता नक्की आठवतंय का?"

त्याचा काही दोष नव्हता. मीच शिकवलेला प्रश्न होता तो.

"कौतिकाबाई आहेत का?" मी विचारलं.

"आहेत ना. बेलपारलाच. डोळ्यांनी दिसत नाही आता, सून वाचून दाखवते. त्यांच्या घरचं जाळं अजूनही पाण्याला नुसतं लावून काढतात, मग मासेमारी सुरू करतात."

"कुणाचं जाळं?"

"त्यांच्या भावाचं. म्हणजे सरकारनं मूळचं तर परत केलंच नाही. त्यांनी दुसरं घेतलं आणि त्याला भावाचं म्हणतात."

अमोल गेल्यावर मी कपाटातून कौतिकाबाईंचं पाकीट काढलं. ते हरवलं नव्हतं, हे सांगायला हवं. कुठल्या पुस्तकात आहे हे मला रोज माहीत होतं. आतला कागद पहिल्यांदा उघडला. घडीवर तुटला होता. माझा कळस, माझा बेहडा, माझी सूचना. खाली सही नव्हती. एवढी काळजी मी तेव्हाही घेतली होती.

उत्तर लिहायला बसलो. पहिल्या कागदावर क्षमा वगैरे लिहिलं, चांगली भाषा जमली होती. फाडला. तिनं दोन ओळी मागितल्या होत्या.

'कौतिकाबाईंस नमस्कार. १७ ऑगस्ट १९८७ रोजी दुर्योधन मांढरे यांचं जाळं पलीकडच्या राज्याच्या पाण्यात होतं, बेहडा कळसाच्या डावीकडे दोन हात दिसत होता, जाळं मोठ्या आसाचं होतं, त्यात एकही बोटुकली नव्हती. बोटुकली बारा तारखेला पिशव्या न तरंगवता ओतल्यामुळे मेली, दुर्योधन यांनी तसं सांगितलं होतं. हे सगळं मला त्याच वेळी नक्की माहीत होतं आणि पंचनामा मी खोटा लिहिला.'

दोनाच्या तीन ओळी झाल्या, जरा लांब. खाली पूर्ण नाव आणि सही. मग तो तुटका कागद पाठीमागून पातळ कागदानं जोडला आणि कळसाच्या खालीही सही केली, आजची तारीख घालून. त्याची एक छायाप्रत अमोलसाठी काढली, पुस्तिकेत पंचनाम्याच्या फोटोशेजारी छापायला. छापेल की नाही, बघू. न छापल्यास मी समारंभाला जाणार आहे आणि माइक मागणार आहे.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या मुलीनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. रजिस्टर करायचं म्हटल्यावर तिनं मशीनवर पत्ता भरायला घेतला आणि थांबली.

"आजोबा, पिनकोड लिहिला नाही. दुसऱ्या राज्यातलं लहान गाव आहे, शोधायला वेळ लागेल. जवळच्या मोठ्या गावाचा टाकून देऊ का, अंदाजे?"

"अंदाजे नको," मी म्हणालो.

कौतिकाबाईंचं पत्र आलं त्याच आठवड्यात, सत्त्याऐंशीच्या दिवाळीत, मी पोस्टाच्या पुस्तकातून तो शोधून ठेवला होता. सहाही आकडे मी तिला न थांबता सांगितले.